भादव्यातलं पांढरं धोतर

पुलाच्या अलीकडे एसटी थांबली. कंडक्टरने मागे वळून सांगितलं, "वरून पानी सोडलंय. पोलीस सोडंनात. उतरा ज्याला उतरायचंय त्यानं, पाय मोकळे करा."

मी सगळ्यांच्या आधी उतरले. माझा स्वभावच धास्तावलेला. घरातली माणसं म्हणतात, ही पोचायच्या आधी हिची काळजी पोचते. त्यात आज काळजीला कारण होतं. पलीकडे, सोनपेठच्या बाजूला, मामाचं घर. मामाला उद्या सकाळी नांदेडला न्यायचं होतं, हृदयाच्या ऑपरेशनसाठी. वय पंचाहत्तरीला टेकलेलं. डॉक्टर म्हणाले होते, होईल सगळं नीट, पण सही करून द्या. त्या 'पण'ने माझी झोप उडवली होती. मला मामाला एक गोष्ट सांगायची होती. चाळीसहून अधिक वर्षं ती सांगायची राहिली होती, आणि उद्यानंतर ती ऐकायला मामा असेलच याची खात्री कुणी देत नव्हतं.

मी फोन लावला. मामीने उचलला.

"आगं यिऊ दे निवांत. त्येंनी जेवून पडलेत. पानी काय जलमभर ऱ्हातंय का, उतरंल की. तू घाई करू नको माय."

मामीचा आवाज नेहमीसारखाच होता, शांत. मला तेवढंही जमत नव्हतं. मी पुलाच्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. पाणी करड्या-तांबड्या रंगाचं, पुलाच्या खाली हातभर अंतर ठेवून चाललेलं. कडब्याच्या पेंढ्या, मुळासकट उपटलेली एक बोर, कुणाच्या तरी अंगणातली प्लास्टिकची खुर्ची, सगळं एकाच घाईने परभणी जिल्हा सोडून निघालेलं. आणि तो वास. नव्या गाळाचा, थोडा कुजका, थोडा गोड. गोदावरीला आम्ही गंगाच म्हणतो. गंगेला पूर आला की पहिला निरोप नाकाला यायचा, डोळ्यांना नंतर.

पलीकडच्या एका शाळेत मी बारा वर्षं विज्ञान शिकवलं. पाथरीहून रोज जाणं, रोज येणं. हा पूल म्हणजे दोन मिनिटांचा रस्ता. त्या दोन मिनिटांत मी वह्या तपासायची, पर्स आवरायची, शेजारणीशी भाजीच्या भावावर बोलायची. जाताना डावीकडच्या आणि येताना उजवीकडच्या खिडकीत मात्र कधी बसले नाही. त्या बाजूला नदी वळते, त्या वळणाच्या अलीकडे आमचं गाव आहे आणि बरोबर समोर, दुसऱ्या काठाला, मामाचा आखाडा होता. आखाडा म्हणजे शेतातलं राहतं घर. आता बंधाऱ्याचं पाणी बारा महिने तुंबून असतं. जुना काठ त्याच्या खाली गेला, काठावरच्या बाभळी गेल्या, मामाही आखाडा सोडून गावात राहायला आला. पाहायला काही उरलेलं नाही हे मला माहीत होतं. तरी बारा वर्षं मान वळली नाही.

आज एसटी हलत नव्हती, म्हणून पाहिलं.

उन्हाळ्यात ही गंगा निम्मी वाळूच असायची. आई मला घेऊन चालत माहेरी जायची. झुंजुमुंजू होताना निघायचं, कारण ऊन चढलं की वाळूवर पाय ठेववत नसे. वाटेत पाय पोळले की मी आईच्या सावलीत उड्या मारत चालायची आणि ती मुद्दाम सावली इकडे-तिकडे हलवायची. वाळूत टरबुजाच्या वाड्या असायच्या, काकडीचे वेल असायचे, आणि जागोजागी हाताने उकरलेले झिरे. झिऱ्यात पाणी हळूहळू साचायचं. ते वाटीने घागरीत भरायचं, अजिबात ढवळू न देता. त्या पाण्याची चव मला नंतर कुठल्याच नळाला सापडली नाही. मधल्या धारेशी आलो की आई थांबायची, काष्टा वर खोचायची, ओंजळभर पाणी डोळ्यांना लावून म्हणायची, "गंगामाय, जाऊ दे." मग पाऊल टाकायची.

"धार तर गुडघ्याएवढी हाय," मी म्हणायची. "येवढ्याला काय इचारायचं?"

"आज गुडघ्याएवढी हाय म्हून इचारायचं न्हाई व्हय?" आई म्हणायची. "तिच्या दारातून जायलाव आपण."

हिवाळ्यात नाव चालायची. नावेच्या बुडाला डांबराचा वास, दोराला ओल्या सुतळीचा, आणि नावाड्याच्या घोंगडीला विडीचा. संक्रांतीला नाव बायकांनी भरून जायची. तीळ, बोरं, ओंब्या, हळदीकुंकवाच्या कोयऱ्या मांडीवर घेऊन बसलेल्या बायका, आणि सगळ्या एकदम बोलणाऱ्या. नावाडी ओरडायचा, "ये बायांनो, नाव बोलन्यानं चालत न्हाई!" त्यावर त्या आणखी हसायच्या. मी आईचा पदर मुठीत धरून पाण्याकडे पाहत बसायची. थंडीतलं पाणी हिरवं, स्थिर, तळ दाखवणारं. त्याचीसुद्धा मला भीती वाटायची. तळ दिसतो म्हणजे किती खोल आहे तेही दिसतं.

आषाढ सरता सरता नाव ओढून वर झाडाला बांधली जायची. तिथून पुढे दोन-अडीच महिने दोन्ही काठ एकमेकांना परके. तेव्हा हा पूल नव्हता. वळसा घालून जायचं तर दीड दिवस, तोही मधल्या काळ्या रानातला चिखल पाय सोडील तर. पुराच्या आवाजात हाक पोचत नसे. म्हणून काठावरच्या घरांनी आपापल्या खुणा ठरवलेल्या होत्या. आईची आणि मामाची खूण अशी: रोज सकाळी आई काठावरच्या बाभळीवर लाल लुगडं टाकायची. म्हणजे इकडे सगळं बरं आहे. समोरून मामा आखाड्यातल्या काठीला आपला लाल पटका बांधायचा. म्हणजे तिकडेही. आई कमरेवर हात ठेवून तो पटका बघायची आणि मगच चुलीकडे वळायची. आणि पांढरं दिसलं, तर घरात कुणी गेलं. असशील तसा निघून ये.

म्हणून आमच्या गावात भादव्यात काठावर कुणी पांढरं वाळू घालत नसे. धोतरं, पंचे, टोप्या, सगळं घरात, चुलीवरच्या दोरीला. पावसाळाभर आमच्या पुरुषांच्या कपड्यांना धुराचा वास यायचा. पाथरीच्या बाजारात दुकानदार मान वर न करता म्हणायचे, "या, गंगाकाठची मंडळी आली."

मी दहा वर्षांची होते. आई हिवतापाने पडली होती. वडील औषध आणायला पाथरीला गेले आणि मधल्या ओढ्याला पाणी आलं म्हणून तिकडेच अडकले. घरात मी आणि आई. आठ दिवस सूर्य नव्हता. वाकळा ओल्या, सरपण ओलं, पिठाच्या डब्यालासुद्धा कुबट वास. लाल लुगडं आईच्या अंगावरच होतं, घामाने भिजलेलं. त्यामुळे दोन दिवस बाभळीवर काही गेलं नव्हतं. नवव्या दिवशी लख्ख ऊन पडलं आणि मला काय करू न् काय नको असं झालं. मी सापडेल ते धुवायला काढलं. माझा पिवळा परकर, आईच्या चोळ्या, उशांचे अभ्रे, आणि वडिलांचं चिखलाने माखलेलं धोतर. आई उठेल तेव्हा तिला सगळं कोरडं, कडक मिळालं पाहिजे, आणि तिने मला शाबास म्हटलं पाहिजे, एवढंच माझ्या डोक्यात. धोतर घरात चार दिवस वाळलं नसतं. बाहेर तासाभरात वाळलं असतं. काठावर चिटपाखरू नव्हतं. उघाड मिळाली म्हणून सगळा गाव रानात गेला होता. कोण बघतंय, म्हटलं. आणि धोतर बाभळीवर टाकलं, शेजारी परकर.

नियम मला पाठ होता. माहीत नसता, तर निदान माझी मला दया आली असती.

बाभळीखाली बसून मी चिंचोके खेळत होते. मान वर केली तेव्हा समोरच्या काठाला माणूस दिसला. पुराच्या पाण्यावरून माणूस म्हणजे नुसता ठिपका, पण आपलं माणूस ठिपक्यातूनही ओळखू येतं. मामा होता. छातीशी वाळल्या भोपळ्यांची सांगड बांधत होता. मी उठून उभी राहीपर्यंत तो पाण्यात उतरला. मी ओरडले. माझं ओरडणं मलाच ऐकू आलं नाही. ठिपका थोडा पुढे आला, मग आडवा झाला, मग धारेने त्याला डावीकडे ओढलं आणि वळणाच्या पलीकडे तो दिसेनासा झाला.

मी धोतर ओढून काढलं. काट्यांनी ते टराटरा फाटलं. घरी येऊन कणगीच्या मागे कोंबलं आणि आईच्या उशाशी बसले. आई तापातच म्हणाली, "काय झालं गं? दातखीळ कामून बसली?" मी तिच्या अंगावरची वाकळ सारखी केली. ती दुपार मला अजून आठवते. छपरातून गळणारं पाणी पातेल्यात पडायचं थांबलं होतं, आणि तो आवाज नसल्यामुळे घर रिकामं वाटत होतं. मी पोखर्णीच्या नरसिंहाला नारळ बोलले. मग दोन. मग आयुष्यभर गोड खाणार नाही असंही बोलले.

दिवेलागणीला मामा दारात उभा राहिला. अंगभर गाळ, कमरेला लंगोट, खांद्यावर कुणीतरी दिलेली घोंगडी. दोन कोस खाली आमच्याच काठाला लागला होता. त्याने आईकडे पाहिलं, ती डोळे उघडून त्याच्याकडे बघतेय हे पाहिलं, आणि उंबऱ्यावरच बसून हसायला लागला.

"आरं, तू कसा आलास?" आई उठायला गेली. "आशा पान्यातून?"

"जीव लागंना, आक्का," मामा म्हणाला.

तेवढंच. मग त्याने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता सांगेल. पण तो चुलीकडे गेला आणि विस्तव फुंकायला लागला.

तीन दिवस तो राहिला. आईला पेज करून घातली, माझ्याकडून पाढे म्हणून घेतले. मी दुसऱ्या दिवशी सकाळीच लाल लुगडं धुऊन बाभळीवर टाकलं, चांगलं पसरून, टोकं ताणून. मला वाटलं, झालं, आता सगळं कळवून झालं. पलीकडच्या काठीला तीन दिवस काहीच नव्हतं. ते मी पाहिलं, आणि त्याचा काही विचार केला नाही. चौथ्या दिवशी पाणी ओसरलं, नाव सुटली, मामा गेला.

त्या दिवसापासून ती गोष्ट आईची झाली. भाऊबीज असो, कुणाची सोयरीक असो, नवी सून घरात येवो, आई ती सांगायचीच. "माझ्या भावाच्या काळजाला कळलं, बहीण आजारी हाय. ना चिठ्ठी ना चपाटी. भरल्या गंगेत उतरला." मग थोडं थांबायची, आणि ऐकणाऱ्याने मामाकडे पाहिलं की पुढे सांगायची. मामा खाली मान घालून सुपारी कातरत राहायचा. मी पाणी आणायच्या निमित्ताने आत जायची. सांगितलं असतं तर आईच्या अंगावरचा एकुलता एक दागिना मी उतरवून घेतला असता. न सांगावं तर मामाला मी मरणाच्या दारात ढकललं होतं हे एकटीने गिळायचं. त्या पुरानंतर दर हिवाळ्यात मामाची छाती भरायची. मी विज्ञान शिकवलंय. पुराच्या पाण्याचा आणि हृदयाच्या नळ्यांचा काही संबंध नाही हे मला कळतं. पण दत्ताचा, म्हणजे मामाच्या मुलाचा, फोन आला, "ताई, दादांच्या छातीत दुखलं," तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आधी ते धोतर आलं.

आई सात वर्षांपूर्वी गेली. आता सांगायला आडकाठी नव्हती. तरी सात वर्षं गेलीच.

पोलिसाने शिट्टी मारली. एकेक गाडी सोडत होते. कंडक्टर हाका मारायला लागला आणि मी परत जागेवर येऊन बसले. पुलावर सगळे गप्प होते. ड्रायव्हरने गाणं बंद केलं होतं. पाण्याचा आवाज पायांखालून, पत्र्यातून आत येत होता. दोन मिनिटांचा पूल आज संपत नव्हता, आणि मी खिडकीची दांडी धरून मनातल्या मनात आईचंच वाक्य म्हणत होते.

मामा बाजेवर उशीला टेकून बसला होता. मला वाटलं होतं त्याहून बारीक झालेला, पण डोळे तेच. दत्ता जीपवाल्याशी फोनवर बोलत होता. मामी खाली बसून उद्याची पिशवी भरत होती. पंचे, ताट-वाटी, स्टीलचा तांब्या, रिपोर्टांची फाईल.

"आली का गंगा वलांडून?" मामा म्हणाला. "भ्याली नसशील!"

सगळे हसले. मी ठरवलं होतं, जरा वेळाने, एकट्याला गाठून सांगू. पण वाट पाहिली असती तर पुन्हा राहिलं असतं. चहाची कपबशी खाली ठेवली आणि म्हटलं, "मामा, त्या साली बाभळीवर धोतर मी टाकलं व्हतं. मला ठावं असून टाकलं. आई आजारी व्हती, मेलं कुनी नव्हतं."

मामाने माझ्याकडे नवलाने पाहिलं.

"मंग?"

"मंग काय? तुमाला दिसलं व्हतं का न्हाई?"

"दिसलं की. त्याच्या शेजारी तुझा पिवळा परकर बी दिसला. मयताच्या घरी कुनी पोरीचे परकर वाळू घालतंय का? म्हनलं, आक्काची लेक धुनं वाळू घालायलीय. लाल दिसंना दोन दिस, म्हंजी आक्का पडून आसंल. पर कुनी गेलं न्हाई, येवढं मला काठावरूनच कळलं व्हतं."

"मग पान्यात कामून उतरलाव?"

मामा हसला. आजारी माणसाचं हसू नव्हतं ते, अगदी जुनं होतं. "आषाढापून आक्काला बगितलं नव्हतं. कुनी जाऊ द्यायचं नाव घेईना. धोतर दिसलं, निमित गावलं. तू आजवर ह्ये घिऊन बसलीस व्हय येडे?"

मी रडत होते की हसत होते ते मला सांगता येणार नाही. आईची गोष्ट खरीच होती! मी उगीच, इतकी वर्षं, उगीच. मी मामाचा हात धरला आणि तो माझ्या हातावर थोपटत राहिला.

तेवढ्यात माझ्या लक्षात आलं की पिशवी भरल्याचा आवाज थांबलाय.

"तुमाला ठावं व्हतं?" मामी म्हणाली.

तिने मान वर केली नव्हती. हातात पंचा तसाच होता, अर्धा घडी केलेला.

"पांढरं आदी मला दिसलं," ती म्हणाली. "मीच वरडले. तुमी म्हनलाव, जाऊ का? मी म्हनले, जा. दत्ता सा म्हैन्याचा, कडंवर. तुमी वळनाच्या पल्याड गेलाव आन् तीन दिस मी काठावरून हालले न्हाई. दुसऱ्या दिशी तिकडं लाल लुगडं दिसलं. त्याचा काय अर्थ लावावा मी? मानूस पोचला म्हून लाल, का मानूस निघालाय ह्येच त्येंना ठावं न्हाई म्हून लाल? लेकराला पाजायला दूध उतरंना. मीच जा म्हनले, मीच घालवलं, आसं म्हनत बसले. तुमी आलाव तवा म्हनलाव, आक्काला धोतराचं सांगू नको, काळजाला कळलं आसंच तिला वाटू दे. मी तोंड शिवलं. ती सांगायची, मी ऐकायची. आन् तुमाला ठावं व्हतं, कुनी मेलं न्हाई म्हून?"

मामाचं हसू कुठल्या कुठे गेलं. दत्ताने फोन खाली घेतला. मला लाज वाटली. मी आले होते माझ्या छातीवरचं उतरवायला. ते कुणाच्या अंगावर उतरेल याचा विचारही केला नव्हता. चाळीसहून अधिक वर्षं मामाच्या घरी येत होते मी, आणि पलीकडच्या काठाला त्या तीन दिवसांत कोण होतं, हे मामीला एकदाही विचारलं नव्हतं.

मामा मामीकडे वळून म्हणाला, "लय भ्याली व्हतीस का?"

"आज इचारायलाव," मामी म्हणाली.

ती उठली. गुडघ्यावर हात देऊन, हळूच. कोपऱ्यातली पेटी उघडली, आपलं एक धुतलेलं लुगडं काढलं आणि पिशवीत मामाच्या कपड्यांवर ठेवून वरून दाबलं.

"आई," दत्ता म्हणाला, "तू घरीच थांबायचं ठरलंय ना? जीपात जागा कुठंय? दादांना मागं आडवं करायचंय, म्होरं मी आन् ताई…"

"ह्या बारीला मी मागं ऱ्हानार न्हाई," मामी म्हणाली. "डागदरानं आत न्हाई सोडलं तर दाराला बसंन. पर तिथं बसंन."

"माझी जागा हाय की," मी म्हटलं. "मी सोनपेठहून एसटीनं येते."

बाजेवर पसरलेले पाय मामाने जवळ ओढून घेतले, आणि रिकाम्या झालेल्या कडेला मामी जाऊन बसली.